आत्माराम शितपाच्या डोक्यावरचा मान

विषय दुसरा : आत्माराम शितप यांचे डोके

(पहिला विषय मागील सभेचे इतिवृत्त कायम करण्याचा होता. मागच्या सभेत नेमकं काय ठरलं यावरून दोन वाड्यांत हमरीतुमरी झाल्याने तो तहकूब.)

पाचरखोल गावात वाड्या दोन, देवी एक आणि पालखी एक. एवढ्या सामानावर गाव गेली कित्येक वर्षं भांडत होतं. शिमग्यात देवळापुढच्या चौथऱ्यावर, म्हणजे सहाणेवर, पालखी बसते. तिथून ती पहिल्यांदा उचलून डोक्यावर घेऊन नाचवायची कोणी, हा तो प्रश्न. खालच्या वाडीकडे पुरावा म्हणून लवू धनावडे होता. त्याचा आवाज खाडीपलीकडे ऐकू जाई. वरच्या वाडीकडे आत्माराम शितपाचं टक्कल होतं आणि त्या टकलावर मधोमध एक आवाळू.

आत्मारामाने सगळी नोकरी पोफळीच्या वीजघरात हेल्पर म्हणून काढली. डोंगराच्या पोटात दुसऱ्यांच्या हत्यारांच्या पेट्या उचलायच्या आणि शिमग्याला रजा टाकून गावी येऊन पालखीखाली शिरायचं, यात त्याची सारी हयात गेली. निवृत्त होऊन तो घरी आला तेव्हा गावात त्याला कोणी विचारत नसे. सभेत तो दाराशी, चपलांच्या शेजारी बसे. मग डोक्यावर ते आलं. आधी चण्याएवढं, पुढे काजूच्या बीएवढं. तरी कोणाचं लक्ष नव्हतं. लक्ष गेलं ते भागोजी शितपाचं. भागोजी हा वरच्या वाडीचा अध्यक्ष. अध्यक्ष नसलेला भागोजी कोणी पाहिलेला नाही. तहसील कचेरीत दोन्ही वाड्यांना समोरासमोर बसवलं होतं. लवू तावातावाने बोलत होता, आणि भागोजीने शेजारी बसलेल्या आत्मारामाच्या डोक्यावरची टोपी खसकन काढली.

"बगा साहेब. पालखीचा भार पिढ्यान्‌पिढ्या हितं टेकलाय. ह्यो आमचा कागद."

साहेबांनी बोटाने दाबून बघितलं. "दुखतं का?"

"न्हाय," आत्माराम म्हणाला.

दुखत नाही, ही गोष्ट साहेबांना देवाची वाटली की कंटाळ्याची, ते कळलं नाही. पण निकाल लागेपर्यंत पहिला मान वरच्या वाडीचा, असं ठरलं.

त्या दिवसापासून आत्म्याचा आत्मारामदादा झाला. सभेत त्याला हात असलेली खुर्ची मिळाली. मुंबईला नोकरीच्या मुलाखतीला निघालेली पोरं त्याच्या पाया पडत आणि उठताना हळूच आवाळूला हात लावत. दहावीच्या परीक्षेआधी तर घरापुढे रांग लागे. एकदा नव्या नवरीने चुकून आवाळूलाच हळदकुंकू लावलं, आणि आत्मारामाने ते दिवसभर पुसलं नाही. कोणी बघत नसलं की तो आरशासमोर मान खाली घालून, डोळे वर करून ते बघायचा प्रयत्न करी. दिसत नसे. स्वतःचा मान स्वतःला दिसत नाही याचं त्याला जरा वाईट वाटे.

विषय तिसरा : वास

पौषात गोठ्यात शिरताना आत्मारामाचं डोकं वाशाला आपटलं. रक्त आलं, थांबलं, पुन्हा आलं. मग आवाळूने अंग धरलं. ते रातांब्याएवढं झालं आणि वर चिघळलं.

"अवो," यमुनाबाई म्हणाली. संसारात ती नवऱ्याशी मोजकंच बोले, पण बोले ते सरळ. "ह्यो वास देवाचा न्हाय."

"उदबत्ती लाव."

"कुठं लावू? टकलावर?"

मुलगा निलेश डोंबिवलीला होता. त्याने फोटो मागवला, बघितला आणि फोनवर ओरडला. त्यामुळे आत्माराम रत्नागिरीला डॉ. सानिका रेडीज यांच्याकडे गेला. सोबत यमुनाबाई, आणि वाडीचा प्रतिनिधी म्हणून भागोजी. वाडीच्या मालमत्तेला कोणी हात लावणार असेल तर अध्यक्ष तिथे हवा, असं त्याचं म्हणणं.

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे चढवून गाठ चहूबाजूंनी चाचपली, मानेत आणि कानामागे बोटं फिरवली, सुईने थोडा अंश काढला आणि डोक्याचं स्कॅनिंग सांगितलं. पुढच्या खेपेला तिघे पुन्हा हजर झाले.

"हाडापर्यंत गेलेली नाही, ही चांगली गोष्ट," डॉक्टर म्हणाल्या. "पण सुईच्या तपासणीत पेशी संशयास्पद आहेत. दोन शक्यता दिसतात. एक, कातडीचा कॅन्सर. दुसरी, एक दुर्मिळ गाठ. केसाच्या मुळाभोवती आवरण असतं, त्यातून ती वाढते. सुईने दोन्ही सारख्याच दिसू शकतात. पूर्ण काढून तपासल्याशिवाय सांगता येणार नाही."

"केसाच्या?" भागोजीने आत्मारामाच्या डोक्याकडे बघितलं. "डॉक्टर, ह्याच्या डोक्यावर केस बगितलेला माणूस गावात शोधावा लागंल."

"केस गेले तरी मुळं असतात काका. ती कुठं जात नाहीत."

"म्हंजे ह्ये पालखीनं झालेलं न्हाय?"

"पालखीचा काही संबंध नाही. तशी ही बहुतेक वेळा साठीच्या पुढच्या बायकांना होते. पुरुषांत कमी."

भागोजीने आधी दाराकडे बघितलं, मग खिडकीकडे. "ही गोष्ट ह्या खोलीत राहू दे."

"गाठ ठेवून चालणार नाही. ही दुर्मिळवाली असली तरी पुढं कॅन्सरचं वळण घेऊ शकते. वाढ तुम्ही बघताच आहात. याच आठवड्यात काढू."

"शिमगा झाला की काढू."

"एवढं थांबू नका."

"बाई, तुमाला मानाचं कळायचं न्हाय."

"माझे काका आमच्या गावच्या मानासाठी अजून कोर्टात जातात," डॉ. रेडीज हातमोजे काढत म्हणाल्या. "वयाच्या ऐंशीव्या वर्षी. मला सगळं कळतं. काढा."

आत्माराम खुर्चीत बसून दोघांकडे आळीपाळीने बघत होता. त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. दोघंही बोलत होती ती त्याच्या डोक्याच्या वरच्या भागाशी.

ग्रुपवर

*पाचरखोल वरची वाडी (अधिकृत)*

भागोजी: आत्मारामदादांची तब्येत उत्तम. अफवा पसरवू नये.

निलेश: काका, डॉक्टर कॅन्सरची शक्यता म्हणतायत. ऑपरेशन लगेच करायचंय.

मुंबई मंडळ खजिनदार: 🙏🙏

मुंबई मंडळ उपखजिनदार: देवी पाठीशी आहे. पण शिमग्याआधी घाई नको असे वैयक्तिक मत.

कोणीतरी दापोलीहून: आंजर्ल्याच्या गणपतीला नवस बोललोय दादांसाठी.

भागोजी: आंजर्ल्याला कशाला? आपली देवी कमी पडली काय?

(यावर बरीच चर्चा. ती देवींबद्दल.)

उपखजिनदार: बायकांचा आजार आहे असे खालच्या वाडीच्या ग्रुपवर फिरतेय. खरे काय?

*भागोजी यांनी उपखजिनदार यांना ग्रुपमधून काढून टाकले.*

संध्याकाळी 'पाचरखोल वरची वाडी (खरी अधिकृत)' या नावाचा दुसरा ग्रुप निघाला.

विषय चौथा : मतदान

वाडीची सभा शाळेच्या पडवीत भरली. आवाळू शिमग्यापर्यंत ठेवावं की काढावं, असा ठराव होता. भागोजीने प्रास्ताविक केलं. वैद्यकशास्त्राबद्दल त्याला आदर आहे, असं तो म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात पुढे 'पण' किती वेळा आला ते सांगणं कठीण. शेवटी म्हणाला, "ठेवावं असं ज्यांचं मत त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. सगळी पडवी हातांनी भरली. आत्माराम हात असलेल्या खुर्चीत बसला होता. आजूबाजूचे हात वर गेलेले बघून त्याचाही हात वर गेला. पोफळीला युनियनच्या सभेत तसाच जायचा. गेल्यावर त्याला कळलं की गेला, पण तोवर मोजणी सुरू झाली होती आणि मध्येच हात खाली घेणं बरं दिसलं नसतं.

"एकमताने मंजूर," भागोजी म्हणाला.

यमुनाबाई पडवीच्या पायरीशी इतर बायकांत उभी होती. बायकांना मत नव्हतं.

"डोकं तुमचं," घरी जाताना वाटेत ती म्हणाली. "हात पन तुमचाच. मी कोनाच्या नावानं रडू?"

"अगो, सगळ्यांनी..."

"सगळ्यांच्या डोक्यावर हाय काय?"

खुर्ची सोडावी लागली तर पुन्हा चपलांशेजारी बसावं लागेल, हे तो तिला कसं सांगणार. आणि सांगितलं असतं तर ती काय म्हणाली असती, तेही त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने सांगितलं नाही.

विषय पाचवा : साचा

दोन दिवसांनी भागोजी दर्शनला घेऊन आला. दर्शनचा गणपतीचा कारखाना होता. भाद्रपद लांब असल्याने हाताला काम नव्हतं. त्याने आत्मारामाला अंगणात पाटावर बसवलं, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला आणि मळलेली शाडू माती डोक्यावर थापायला सुरुवात केली. चिघळलेल्या जागेवर माती नको, म्हणून त्याने आधी केळीचं पान ठेवलं. तेवढी माणुसकी त्याच्यापाशी होती.

"ह्ये कशाला?" आत्मारामाने विचारलं.

"हलू नका दादा. गणपती कंदी हलत न्हायत," दर्शन म्हणाला.

"साचा घेतोय आवाळूचा," भागोजी पायरीवर टेकत म्हणाला. "मग प्लास्टरमंदी काढू. रंग देऊ. पुरावा राह्यला पायजे. तुला काय झालं तर उद्या साहेबाला काय दाखवू?"

"मना काय होनार?"

"काय न्हाय होनार. पन समज."

आत्माराम समजू लागला. माती थंडगार होती आणि कानांवरून पाणी ओघळत होतं. दर्शनने हलू नका म्हटल्यावर मान वळवायची सोय नव्हती, त्यामुळे तो समोरच्या नारळाकडे बघत राहिला आणि मागे दोघांचं बोलणं ऐकत राहिला. साचा कुठे ठेवायचा? देवळात, काचेच्या पेटीत. पेटीवर नाव कोणाचं? वाडीचं. दर्शन म्हणाला, दादांचं पण घालूया खाली, बारीक. भागोजी म्हणाला, बघू, जागा उरली तर. मग ते पेटीला कुलूप कोणाकडचं लावायचं यावर बोलू लागले आणि बोलता बोलता पुढच्या शिमग्याच्या, त्याच्या पुढच्या शिमग्याच्या गोष्टी निघाल्या. त्या सगळ्या शिमग्यांत आवाळू होतं, पेटी होती, कुलूप होतं. आत्माराम कुठेच नव्हता, आणि त्याच्यावाचून कोणाचं काही अडतही नव्हतं.

माती सुकत आली तशी टाळू ओढल्यासारखी झाली. यमुनाबाई दारात सूप घेऊन तांदूळ निवडत होती. तिने एकदाच मान वर केली.

"सुकलं की भाजतात काय हो भावजी? की तसंच ठेवता?"

दर्शन खाली मान घालून हसला. भागोजी हसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आत्माराम आणि यमुनाबाई रत्नागिरीला गेली. शेजारणीने विचारलं तेव्हा यमुनाबाईने सांगितलं, वेळणेश्वरला जातोय, दर्शनाला. देवाच्या नावावर खोटं बोलल्याबद्दल तिने एसटीत बसल्याबरोबर कान पकडले आणि खिडकीची जागा नवऱ्याला दिली.

तपशील (सभेपुढे न आलेला)

शस्त्रक्रियेच्या आधी डॉ. रेडीज यांनी जांभळ्या शाईने गाठीभोवती वर्तुळ काढलं. ते गाठीपेक्षा बरंच मोठं होतं.

"एवढं?" आत्मारामाने आरशात बघून विचारलं. दोन आरसे धरले की आपला माथा आपल्याला दिसतो, हे त्याला त्या दिवशी समजलं.

"गाठीभोवतीची सेंटिमीटरभर चांगली कातडीही काढावी लागते. ती चांगली दिसते, पण तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही."

आत्मारामाला वाडी आठवली. त्याने मान डोलावली.

भूल फक्त डोक्याला दिली होती. सुया टोचल्या तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं, मग डोकं दुसऱ्याचं झालं. ओढाताण कळत होती. कात्रीचा आवाज येत होता, खरचटल्यासारखा आणि अगदी जवळून. डॉक्टर सिस्टरशी हळू बोलत होत्या आणि मध्येच त्याच्याशी, "काका, बरं वाटतंय ना?" कित्येक वर्षांत डोक्याकडे बघताना त्याला स्वतःला काही विचारणारी ही पहिली व्यक्ती. भोक मोठं पडलं होतं, ते नुसतं ओढून शिवता येण्याजोगं नव्हतं. म्हणून डॉक्टरांनी शेजारची कातडी वळणदार कापून फिरवून आणली आणि खड्ड्यावर बसवली.

"बघायचीय?" सगळं आटोपल्यावर त्यांनी विचारलं.

बरणीत पाण्यासारख्या औषधात ती पडली होती. फिकट, चिवट, फणसाच्या उकडलेल्या आठळीसारखी. पोरांच्या नोकऱ्या, दहावीचे निकाल आणि नवरीचं हळदकुंकू हिला लागलं होतं. आत्मारामाला वाटलं होतं की काहीतरी भारदस्त निघेल.

"हीच काय?"

"हीच. आता तपासायला मुंबईला जाईल."

"परत न्हाय ना येनार?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि आपल्याला कसं वाटतंय ते त्याला ठरवता येईना.

ऐनवेळचे विषय

अहवाल आला. गाठ दुसरीच होती, दुर्मिळवाली, केसाच्या मुळाच्या आवरणातली. पेशी अजून बिथरलेल्या नव्हत्या आणि कापलेल्या सगळ्या कडा स्वच्छ होत्या. दर सहा महिन्यांनी दाखवायला यायचं, एवढंच. यमुनाबाईने डॉक्टरांचे हात धरले आणि सोडायला विसरली.

निलेशने अहवाल ग्रुपवर टाकला. गावाला त्यातून आणखी पुष्कळ काही कळलं.

खालच्या वाडीने तो देवळात मोठ्याने वाचला. वाचणारा अर्थातच लवू. "केसाची गाठ. त्यात बायकांची. आनि ह्येच्या जोरावर ह्यानी आमची पालखी नेली." जल्ला त्यांचा मान, असंही तो म्हणाला. ते अहवालात नव्हतं.

भागोजीने तोच अहवाल वरच्या वाडीत वाचला आणि 'दुर्मिळ' या शब्दाखाली लाल पेनाने तीन रेघा मारल्या. "दुर्मिळ म्हंजे लाखात एक. बायकांना होते ती ह्या पुरुषाला झाली, म्हंजे कोटीत एक. देवीनं निवडल्याबिगर होईल काय?"

दोन्ही वाड्यांना आपापलं पटलं.

मग एक चमत्कारिक गोष्ट झाली. खालच्या वाडीची माणसं एकेक करून रत्नागिरीला जाऊ लागली. डॉ. रेडीज यांच्या ओपीडीत टोप्या काढून ओळीने बसू लागली. लवूला मानेच्या वर, उजव्या बाजूला, शेंगदाण्याएवढं काहीतरी सापडलं होतं.

"साधी चरबीची गाठ आहे," डॉक्टर म्हणाल्या. "कोणालाही होते."

"नीट बगा बाई."

"बघितलं. अगदी साधी."

"म्हंजे दुर्मिळ न्हाय?"

"नाही."

"थोडी पन?"

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. लवू बाहेर येऊन बाकावर बसला. शेजारच्याने काय झालं विचारलं, तर म्हणाला, अजून तपासण्या बाकी हायत.

विषय शेवटचा : सहाण

शिमग्याच्या आदल्या दिवशी भागोजी कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आत्मारामाकडे आला. दर्शनने काम झकास केलं होतं. प्लास्टरचं आवाळू अगदी कातडीच्या रंगाचं होतं. वर बारीक शिरासुद्धा काढल्या होत्या.

"मुंडाशाखाली ठेव," भागोजी म्हणाला. "वरनं उंचवटा दिसला म्हंजे झालं. पालखी डोक्यावर घेऊ नको, डॉक्टरनी नको सांगितलंय, मान्य. नुसता पुढं उभा रहा. साहेब लांबून बगतील. खुर्ची ठेवलीय तुला."

आत्मारामाने ते हातात घेतलं. हलकं होतं. टाके निघाले तरी टाळूवर त्या जागी अजून खाज होती आणि वळणदार वण टोपीखाली खेचत होता. खुर्ची त्याला हवी होती. हे कबूल करायला त्याला लाज वाटत नव्हती, ती त्याला खरंच हवी होती. हात असलेली, पाठ असलेली, समोरून माणसं वाकून जाणारी.

"आनि न्हाय ठेवलं तर?"

"तर खुर्चीवर कोन बसलाय म्हनून विचारतील. काय सांगू?"

आत घरात यमुनाबाईची भांड्यांची खुडबुड थांबली होती. ती ऐकत होती. या खेपेला हात वर करायला आजूबाजूला कोणी नव्हतं.

"न्हेऊन ठेव तुझ्या पेटीत," आत्माराम म्हणाला, आणि ते परत कापडात गुंडाळून त्याने भागोजीच्या हातात दिलं. "माजं नाव नको घालूस. बारीक पन नको."

भागोजी बरंच बोलला. वाडी, पूर्वज, गद्दारी. आत्माराम ऐकत राहिला. चहा आला, तो भागोजीने घेतला, आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सहाणेवर नेहमीप्रमाणे तंटा झाला. साहेबांनी वरच्या वाडीचा पुरावा मागितला. भागोजीने प्लास्टर पुढे केलं. साहेबांनी बोटाने दाबून बघितलं आणि विचारलं, "हे कुणाच्या डोक्यावर होतं?" भागोजीने रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. तेवढ्यात ढोल वाजला आणि खालच्या वाडीने पालखी उचलली. भागोजीने हरकत नोंदवली. ती लिहून घ्यायला नेमलेल्या पोलिसाने मोबाइल वर धरला होता, तो पालखीचं शूटिंग करत होता.

आत्माराम बायकांच्या बाजूला, यमुनाबाईशेजारी उभा होता. बोडक्या डोक्याने. दोन-तीन बायकांनी त्याच्याकडे बघून पदर तोंडाला लावला. पालखी उंच गेली, गर्रकन वळली, पुन्हा खाली आली. आत बसवलेले देवीचे चांदीचे मुखवटे, म्हणजे रूपं, उन्हात चमकले.

"एवढीच हायत रूपं?" तो म्हणाला. "मना मोठी वाटायची."

यमुनाबाईने वळून बघितलं. "नाचताना कंदी बगितली न्हाय?"

"खालून कशी दिसनार? खालून पाय दिसतात. पुढच्याची टाच आनि धूळ."

"इतकी वर्सं?"

"इतकी वर्सं."

तिने थोडा विचार केला आणि त्याला खांद्याला धरून अर्धं पाऊल डावीकडे घेतलं, जिथे दरवर्षी ती स्वतः उभी राहत असे. "आता बगा. वळताना जरा झुकते. तेव्हा तोंड दिसतं."

पालखी वळली, झुकली. आत्मारामाने मान उंच केली, वण ताणला गेला तरी केली.

"ओ, टक्कलवाले," मागून खालच्या वाडीची कोणीतरी बाई म्हणाली. "बसा की खाली. मागं आमाला काय दिसत न्हाय."

आत्माराम मातीत मांडी घालून बसला. यमुनाबाईही बसली. पालखी पुन्हा वळत होती.